एक्केचाळीस नंबरचा ठिपका

“उजवी बाजू जड झालीय,” काका म्हणाले. चष्मा काढून, डोळे बारीक करून ते रंगरावच्या संगणकाकडे बघत होते. पान तोललेलं आहे की नाही, हे ते नेहमी असंच बघत. अक्षरं वाचता आली की डोळा फसतो, असं त्यांचं म्हणणं.

शाळेची पुस्तकं छापणाऱ्या त्या कंपनीत काका छपाईचे शिशाचे खिळे जुळवायचे तेव्हा रंगराव जन्मायचा होता. खिळे गेले. काका उतारवयात संगणकावर पानं लावायला शिकले आणि शेजारच्या खुर्चीवर आलेल्या रंगरावला त्यांनी अक्षराकडे बघायचं कसं ते शिकवलं. आता त्यांच्या नोकरीची दोन वर्षं उरली होती. घरी काकू आजारी होत्या, आणि त्यांचे डॉक्टर, त्यांची औषधं, सगळं कंपनीच्या विम्यावर चाललं होतं.

रंगराव हे नाव अर्थातच ऑफिसनं ठेवलेलं. तक्ते, आकृत्या, मुखपृष्ठं हे त्याचं काम, आणि त्यासाठी तो तासन्‌तास इंटरनेटवर हिंडायचा. हाक मारली आणि त्यानं ओ दिली नाही, की कुणीतरी म्हणायचं, “रंगराव प्रेरणा घ्यायला गेलेत, हात धुऊन येतील.”

या वेळी मात्र प्रेरणा खरोखरच पावली होती. साहेबांनी त्याला साठ ओळींची यादी दिली होती. नावं नाहीत, नुसते क्रमांक आणि प्रत्येकापुढे दोन आकडे. “संचालकांना दाखवायचंय. ते तक्ते वाचत नाहीत. देखणं कर, एका नजरेत कळू दे. कमी आकडेवाले रेषेच्या पलीकडे दिसले पाहिजेत.” आकडे कसले आहेत, हे रंगरावनं विचारलंच नाही. त्याच्या डोक्यात तेव्हा दुसरंच चित्र नाचत होतं. कुणा मुलीनं पक्ष्यांचा प्रवास नुसत्या ठिपक्यांनी दाखवला होता, खाली सुतासारखी बारीक अक्षरं. आठ दिवसांत त्यानं ते वीसदा तरी उघडलं असेल. असं एकदा तरी आपल्या हातून व्हावं, एवढाच त्याचा ध्यास होता. आणि ते होत आलं होतं. साठ ठिपक्यांचा थवा, मधून एक वळणदार रेषा, पलीकडे मागे पडलेले अकरा.

“एक ठिपका इकडे घे,” काकांनी रेषेपलीकडच्या मोकळ्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. “मग बघ कसं वाटतं.”

रेषेच्या अलीकडे, तिला लागून दोन ठिपके होते. रंगरावनं त्यातला एक उचलला. बाजूला बारीक अक्षरात क्रमांक होता, एक्केचाळीस. त्यानं तो पलीकडे ओढला. केवढंसं अंतर ते! पण चित्र खुललं. काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

तीन आठवड्यांनी बारा जणांना पाकिटं मिळाली. काकांनी आपलं पाकीट रंगरावच्या हातात दिलं. चष्मा डोळ्यांवर होता, तरी म्हणाले, “तूच वाच.”

वर्षभरात कामावर दिलेल्या तासांच्या आधारे आपली सेवा महिनाअखेरीस संपवण्यात येत आहे, असं त्यात होतं. आणि वर कोपऱ्यात, संदर्भ क्रमांक एक्केचाळीस.

रंगरावनं तो आकडा पुन्हा एकदा वाचला.

“माझे तास भरले होते रे,” काका म्हणाले. “एक दिवस उशिरा आलेलो आठवत नाही मला. सोमवारी काकूच्या ऑपरेशनची तारीख घ्यायचीय. आता घरी जाऊन तिला काय सांगू?”

रंगराव उठला. त्याला रडू येत होतं आणि स्वतःची भयंकर चीड येत होती. साठ माणसं होती ती, आणि त्यानं त्यांची नक्षी केली होती. जिना चढताना त्यानं वाक्य पाठ केलं. चूक माझी आहे, काकांची नाही. मग जे व्हायचं ते होवो.

साहेबांच्या टेबलावर तेच चित्र पसरलेलं होतं. रेषेपलीकडच्या बारा ठिपक्यांभोवती संचालकांनी लाल पेन्सिलीनं गोल काढले होते.

“बरं झालं आलास. सगळ्यांना आवडलं तुझं काम.”

“साहेब, त्यात एक चूक झालीय.”

“मग आत्ताच सांग. पत्र परत घेता येईल.” साहेबांनी खणातून नावांची यादी काढली. “पण जायचे बाराच, संचालकांनी तेवढे मंजूर केलेत. एक आत आला, की रेषेला टेकलेला हा बाहेर जाणार.” त्यांनी पेन्सिलीचं टोक अलीकडच्या ठिपक्यावर ठेवलं आणि यादी त्याच्यापुढे सरकवली. “तेवीस नंबर. थोडक्यात वाचला. दिवसचे दिवस इंटरनेटवर चित्रं बघत बसतो. ते तास कामात धरत नाहीत.”

रंगरावनं यादीत तेवीस नंबर शोधला. स्वतःचं पूर्ण नाव त्यानं दोनदा वाचलं.

“बोल ना,” साहेब म्हणाले. “काय चुकलंय?”

“मागचा निळा रंग,” रंगराव म्हणाला. “छपाईत जरा गडद आलाय.”