मुलीकडचा माणूस

“मुलीकडचे म्हणजे नेमके कोण तुम्ही?” मालवणच्या मांडवात नवऱ्यामुलाच्या काकांनी मला सगळ्यांसमक्ष विचारलं आणि शेजारी उभी असलेली माझी कुमुद थिजली.

साठ वर्षं झाली त्याला. आमच्या लग्नाला महिना झाला होता. कुमुदला समुद्र बघायचा होता आणि माझ्या खिशात जेमतेम परतीच्या एसटीचे पैसे होते. कोल्हापुरातून एक वऱ्हाड मालवणला निघालेलं दिसलं. तिला जरीचं नेसायला लावलं, मी टोपी चढवली आणि बसलो त्यांच्या गाडीत. कुणी विचारलं तर “मुलीकडचे” म्हणायचं. मुलाकडच्या गाडीत ते कोण तपासणार? फोंडा घाटात फुकट भजीसुद्धा मिळाली. त्या भज्यांची चव कुमुद अखेरपर्यंत सांगायची.

“मी... मुलीचा मामा,” माझ्या तोंडून निघून गेलं.

मुलीचा एकुलता मामा वर्षापूर्वी वारला होता, हे मला काय ठाऊक! मुलीला बोहल्यावर आणायचं कुणी, यावरच तिथं खल चालला होता.

मुलीची आई पुढे आली. तिनं मला टोपीपासून चपलेपर्यंत न्याहाळलं. मग मोठ्यानं म्हणाली, “खंय होतंस रे दादा? जा, चेडवाक घेवन ये.”

मी मुलीचा हात धरून तिला बोहल्यावर आणलं. त्या घरानं आम्हाला चार दिवस सोडलं नाही. कुमुदनं समुद्र इतका बघितला, की भरतीची वेळ कोळणी तिलाच विचारू लागल्या.

निघताना त्या बाईनं माझ्या हातात नारळ ठेवला, डोळे पुसले आणि हळूच कानाशी विचारलं, “दादा, तुजा नाव काय?”