कडेचं वाक्य

आमच्या गेमचा नकाशा संपतो तिथे धुकं आहे. खेळणारा त्यात शिरला की न दिसणारी भिंत त्याला अडवते आणि कानात आवाज येतो, "पुढे काही नाही रे. चल, घरी चल."

हा आवाज माझ्या ताईचा. ती एकदा ऑफिसात माझा विसरलेला डबा द्यायला आली, तेव्हा तात्पुरतं म्हणून तिच्याकडूनच बोलून घेतलं होतं. "ताईंनी सांगितलं तर वाघसुद्धा मुकाट्याने घरी जाईल," आमचा साउंडवाला म्हणाला होता.

पुढे ताई वारली, आवाज राहिला. रोज जेवताना मी गेममध्ये उगाच त्या भिंतीला जाऊन धडकायचो.

आज तिथे कुणा नटीचा आवाज आला.

"ताईची फाइल कुठंय?" मी विचारलं.

साउंडवाला चपापला. "जुनं सगळं पुसायला सांगितलं होतं. मला वाटलं, तू ठेवली असशील."

मी ठेवली नव्हती.

माझं डोकं फिरलं. मी ती भिंतच बंद केली आणि गेममधल्या माणसाला पुढे दामटलं. पलीकडे आम्ही काहीच बनवलेलं नाही, जमीनसुद्धा नाही. तो खाली पडत राहायला हवा होता. तो चालत राहिला.

पांढऱ्या धुक्यात पावलं वाजत होती. मी बटणावरचं बोट उचललं. माणूस थांबला.

पावलं थांबली नाहीत. ती जवळ आली.

"सांगितलं होतं ना रे तुला," धापा टाकत ताई म्हणाली. "केव्हाची चालतेय मी. खरंच काही नाही."