गजाचं झाड

"यातलं एकही झाड आता तोडता येणार नाही," अपूर्वा म्हणाली. "तुम्हालाही नाही, आम्हालाही नाही. कबूल ना?"

"कबूल," एस्तेर म्हणाली. तिचा नवरा मार्क हातातली पाण्याची कळशी खाली ठेवून वळला.

अपूर्वा पुण्याहून आली होती. दुर्मिळ झाडं जपणाऱ्या संस्थेत ती काम करायची. सुप्याजवळच्या या खडकाळ रानात पर्नांबुकोची झाडं आहेत, यावर तिचा आधी विश्वासच बसला नव्हता. मूळ ब्राझीलचं झाड. व्हायोलिनचा उत्तम गज याच्याच आतल्या लाल लाकडाचा होतो, आणि त्यापायीच तिकडची जंगलं संपत आली.

"पहिलं झाड पप्पांनी लावलं," एस्तेरनं सांगितलं.

पप्पा म्हणजे डेव्हिड. नगरला व्हायोलिन दुरुस्त करायचे, चर्चमध्ये वाजवायचे. तरुणपणी कुणा पाहुण्या वादकानं दिलेलं बी त्यांनी इथं रुजवलं. एस्तेर आणि ते झाड बरोबरच वाढली.

मग एका रविवारी, सगळे उपासनेला गेले असताना, कुणीतरी ते बुंध्यापासून कापून नेलं. मार्क तेवढा घरी होता. ताप आला म्हणून गोळी घेऊन झोपला होता; त्याला करवतीचा आवाजसुद्धा आला नाही.

संशय छगनवर गेला. तो नगरचा वाद्यांचा दलाल. पोलिसांच्या हाती काही लागलं नाही. डेव्हिडनी व्हायोलिन पेटीत ठेवलं ते पुन्हा काढलंच नाही. नाताळही त्यांनी पाहिला नाही.

मातीच्या दिवशी एस्तेर रडली नाही. "ज्यानं हे केलं त्याला मी सोडायची नाही," एवढंच म्हणाली.

"माझ्या तावडीत येऊ दे," मार्क म्हणाला. "हात तोडीन त्याचे."

पडलेल्या फांद्यांना काटेरी शेंगा होत्या. त्यातलं बी एस्तेरनं पिशव्यांत लावलं. रोपं वर आल्यावर ती मार्कला म्हणाली, "कंपनीतली नोकरी सोडा. ही वाढवा. मोठी झाली की तुमचीच."

त्या लाकडाचं मोल मार्कला ठाऊक होतं. त्यानं नोकरी सोडली. पहारीनं खडक फोडून खड्डे केले. विहीर आटली की रस्त्यावरच्या टँकरपासून पाणी आणलं. पाठ वाकली, गुडघे गेले. जरा टेकला की एस्तेरची हाक यायची, "झाडं वाळतील हां."

अपूर्वाची गाडी धूळ उडवत गेली. मार्क बांधावर बसला.

"मला विचारायचं तरी हुतंस," तो म्हणाला. "आत्ता कुठं आतनं लाकूड लाल धरायला लागलं हुतं."

"पप्पांची आठवण म्हणूनच वाढवलीत ना तुम्ही?"

त्यानं जवळच्या कळशा पायानं बाजूला सारल्या.

"आता तरी राग सोड, एस्तेर. छगन पण गेला. चोर काय आता सापडायचा न्हाई."

एस्तेरनं रिकाम्या कळशा उचलल्या आणि त्याच्यापुढे आणून ठेवल्या.

"सापडायचा कशाला?" ती म्हणाली. "इतकी वर्षं माझ्या डोळ्यांपुढं पाणी वाहतोय की तो."