गुलछडीचा गड्डा

निजामाच्या अंमलात केजला राहणाऱ्या मंजुळाचा जीव गुलछडीच्या वाफ्यात अडकलेला! उंदीर गड्डे कुरतडायचा, म्हणून ती त्याला रोज लाखोली वाहायची. आज माती उकरली तर गड्डे शाबूत, अन् शेजारी उंदीरच मरून पडलेला! धाकट्या बायनाने तो शेपटीला धरून झुलवला. "आक्का, दवंडीवाला काय म्हनला? उंदीर पडला की चावडीवर सांगा, गाठीचा ताप हाय, गाव सोडायचं!" मंजुळाने दांड्यावरच्या फुगीर कळ्यांकडे पाहिलं. रानात राहायला गेलो तर ह्यांना पाणी कोण घालणार? तिने उंदीर पुरला. "गप बस बये, पहिलं फूल तुलाच!" फूल उमललं तेव्हा ती नाचतच घरात शिरली. "ऊठ गं, हुंगून बघ!" बायना उठेना, अंग तव्यासारखं तापलेलं. तिला उचलताना, मातीतला नवा गड्डा चाचपून ओळखणाऱ्या मंजुळाच्या बोटांना काखेत तसाच एक लागला.