अडकलेला घास

डोक्यावर टोपी आणि टोपीच्या वर उभी धरलेली काठी, अशा थाटात डॉक्टर पद्माकर गवतात बसले होते. शेटलंडच्या त्या बेटावर घरट्याजवळ येणाऱ्याच्या टाळक्यात टर्न पक्षी चोच मारतात, आणि सगळ्यांत उंच दिसेल त्यावर आधी, असं लेकीनं बजावलं होतं. शाल्मली केंब्रिजहून दर उन्हाळ्यात या पक्ष्यांच्या अभ्यासासाठी यायची. डॉक्टरकी सोडून पाखरं कसली मोजतेस, हे विचारायला ईलिंगहून आलेले बाबा सकाळपासून भलतंच विचारत होते. बाप भरवतो का? एवढ्या गर्दीत आई पिल्लू ओळखते कशी? लेक उत्तरं देऊन दमली, पण त्यांचे प्रश्न संपेनात.

तेवढ्यात समोरच्या घरट्यावर मादी मासा घेऊन उतरली. पिल्लानं आ वासला आणि मासा घशात अडकला. बुटाच्या नाडीसारखा लांब, पण काडीसारखा ताठ. अर्धा आत, अर्धा बाहेर.

"हा कसला गं मासा?"

"पाइपफिश, बाबा. नुसता हाड असतो. टर्न अ‍ॅक्चुअली सँडईल खातात, छोटा सॉफ्ट मासा. पण सी वॉर्म झाला, सँडईल गेले. आता हेच मिळतो."

"आणि हे पिल्लू?"

"चोक होईल. बाकीचे पण झाले." तिचा आवाज बारीक झाला. "आपण टच नाही करायचा, बाबा. फक्त बघायचा."

पोराबाळांच्या घशातून नाणी, बटणं, मणी काढण्यात ज्या हातांची हयात गेली, ते स्वस्थ कसे बसणार? काठी टाकून पद्माकर पुढे सरकले. मादीनं टोपीवर सणसणीत चोच हाणली. त्यांनी दोन बोटांत शेपटी धरली आणि अलगद मासा ओढून काढला. पिल्लानं मान झटकली, दोनदा चिरकलं. शाल्मली रागवायचंच विसरली.

"जगलं की गं!" पद्माकर लहान मुलासारखे हसले. "सरक मागे. आता ही काय करते ते बघू."

दोघं मागे झाली. मादी खाली उतरली. दगडावर पडलेला मासा तिनं उचलला, चोचीत नीट आडवा धरला आणि पुन्हा पिल्लापुढे केला.

पिल्लू उपाशी होतं. त्यानं आ वासला.