कुंपणामागचा पिचर
ओमाहातली कॉलेज बेसबॉलची फायनल, शेवटचा डाव, धावा बरोबरीत, फलंदाजी समोरच्यांची. मैदानाच्या कुंपणामागे, राखीव खेळाडूंच्या सरावाच्या जागेत, एमरी खांदा मोकळा करून उभा होता. चार वर्षं राखीव पिचर, म्हणजे गरज पडली तरच चेंडू टाकायला बोलावला जाणारा. आज तरी कोच बोलावतील आणि सामन्याचा चेंडू आपल्या हातात ठेवतील, एवढीच आस. “टक लावून बघितल्यानं फोन वाजत नसतो, म्हातारबा,” त्याचे सरावाचे चेंडू झेलणारा कॅचर ब्रॅडी म्हणाला, आणि कोचच्या बाकाशी जोडलेला भिंतीवरचा फोन खणखणलाच. “झालास तयार?” कोचनी विचारलं. “केव्हाचाच, कोच.” “एवढा एक फलंदाज होऊ दे. पुढच्याला तू.” एमरीनं फोन ठेवला आणि बॅट कडाडली. चेंडू उंच उडाला, कुंपण ओलांडून थेट त्याच्यावरच आला. त्यानं तो अलगद झेलला. पण कुंपणापार गेलेला चेंडू झेलून उपयोग नसतो; होमरन. समोरचे जिंकले, एकमेकांच्या अंगावर उड्या मारू लागले. “फेकून दे तो, यार,” ब्रॅडी पुटपुटला. एमरीची मूठ सुटेना. सामन्याचाच चेंडू होता तो.