गोदामवाल्याचा बाक

डॉक्टर सत्यजीतनं टोपी भुवयांपर्यंत ओढली, मास्क नाकावर चढवला आणि वडाळे तळ्याकाठच्या बाकावर हळूच टेकला. सहाला दोन मिनिटं होती.

एवढं लपायचं कारण म्हणजे टीव्ही. मनाच्या दुखण्यांवर तो रोज दुपारी टीव्हीवर बोलायचा आणि त्याचं तोंड इतकं गाजलं होतं की कर्नाळ्याचे पक्षीसुद्धा त्याला बघून फांदी बदलायचे. माणसांचं तर विचारूच नका. तो भाजी घ्यायला गेला की बायका गप्प, सलूनमध्ये शिरला की न्हावी गप्प. न जाणो, आपलं बोलणं उद्या टीव्हीवर सांगायचा. क्लिनिकचा जिनाही ओस पडला होता. एवढ्या गाजलेल्या दारात शिरताना कोणी पाहिलं तर गावभर बोभाटा. आणि घरी म्हणाल, तर फ्रीज तेवढा घरघरायचा.

एक भामामावशी काय ती बोलायची. या बाकावर पहिल्याच दिवशी शेजारी बसून तिनं विचारलं, तुमी काय करता? तो घाईनं म्हणाला, मी हरेश, द्रोणागिरीला गोदामात असतो. तिनं मान डोलावली आणि सुरूच झाली. नवरा गेल्यापासून डोळ्याला डोळा लागत नाय, रिकाम्या खाटेकडं बघवत नाय, लिफ्टमध्ये छाती धडधडते.

तीन महिने ती रोज सहाला यायची, पावणेसातला उठायची. गोदामवाला आपलं सुचेल ते सांगायचा. खाट खिडकीशी न्या. लिफ्टनं आधी एकच मजला जाऊन बघा. ती तसं करायची आणि येऊन सांगायची. मग कधी तोही बोलायचा. बायको कायमची निघून गेली, हे त्यानं तिलाच पहिल्यांदा सांगितलं. ती च्‌च्‌ करायची आणि पुन्हा आपल्या झोपेवर यायची.

परवा चॅनलनं मोठा कार्यक्रम देऊ केला. रोज संध्याकाळी सहाला, थेट. आज सकाळी त्यानं ‘जमणार नाही’ असं कळवून टाकलं. चॅनलवाले चिडले, दुपारचा कार्यक्रमही काढून घेतला. गेला तर गेला. त्याला हा बाक सोडवेना. आज मावशीला खरं नाव सांगून टाकायचं, असं तो ठरवून आला होता.

मावशी आली. नवं पातळ, हातात नारळाच्या वड्यांचा डबा.

"मावशी, एक सांगायचंय."

"आधी माजं ऐका. आठ दिस झाले, गाढ झोप लागते. आज लिफ्टनं एकटी उतरले." तिनं डबा त्याच्या मांडीवर ठेवला. "उद्यापासून मी येनार नाय."

"का पण?"

"बरी झाले ना. उद्या माजी जाऊ वेणू येईल. तिचं रडू थांबत नाय." मावशीनं इकडंतिकडं पाहिलं आणि त्याच्या कानाशी वाकली. "तिला ठाव हाय सगलं, डॉक्टर. पन तुमी आपलं गोदामच सांगा. लाजते ती."